सुताराचं पिंप आणि रंगाऱ्याचे डोळे

डोंगरांच्या कुशीत एक गाव होतं. भर उन्हाळ्यातही तिथे पहाटे घोंगडी लागायची. त्या गावात एक सुतार राहत होता. नांगर, तिफणी, दारं, पाळणे, जे मागाल ते तो करून द्यायचा. त्याच्या बापाने केलेल्या पाळण्यांत वाढलेली पोरं आता मोठी होऊन त्याच्याकडून नांगर नेत होती.

सुतारकामावर त्याचं पोट चालायचं, पण जीव अडकला होता दुसऱ्याच गोष्टीत. घरामागच्या खोपीत तो जवाची दारू गाळायचा. ती विकायची नसे, आणि स्वतः प्यायची तर नसेच. त्याचा बाप दारूपायी गेला होता. आई मरताना त्याने तिला शब्द दिला होता, की एक थेंबही जिभेला लावणार नाही. तो शब्द त्याने कधी मोडला नाही. मग गाळतोस कशाला, असं कुणी विचारलं की तो कसनुसा हसायचा.

"बाप ज्यात बुडाला ते आहे तरी काय, ते बघायला गेलो," तो म्हणायचा, "आणि बघतच राहिलो."

आणि खरंच, बघण्यासारखंच होतं ते. तो जव भिजवायचा, त्यांना मोड आणायचा, धुरावर वाळवून भरडायचा. ती भरड कोमट पाण्यात कालवून रांजणात ठेवली की दोनेक दिवसांत रांजण बोलू लागायचा. सुतार त्याला कान लावून बसायचा. आतली फसफस थांबली की तांब्याच्या भांड्यातून हळूहळू दारू गाळायचा. आलेली दारू पाण्यासारखी पांढरी आणि जिभेला झोंबणारी असे. मग त्याचं खरं काम सुरू व्हायचं. स्वतः तासलेल्या फळ्यांचं पिंप तो आतून जाळून काळं करायचा, त्यात ती पांढरी दारू भरायचा आणि बूच मारून विसरून जायचा. कित्येक पावसाळे ते पिंप अंधारात पडून राहायचं. उघडायचं तेव्हा आत मधासारखं सोनेरी काहीतरी असायचं, आणि खोपीभर ओल्या लाकडाचा, गुळाचा, धुराचा वास दरवळायचा.

सुतार फक्त वास घ्यायचा आणि रंग बघायचा. चव बघायचं काम त्याच्या मित्राचं होतं.

हा मित्र म्हणजे गावातला रंगारी. लहानपणापासूनची जोडी. रंगाऱ्याच्या घरात निळीचा एक मोठा रांजण जमिनीत पुरलेला होता. त्याच्या आजोबाने तो लावला होता, आणि निळीचं ते आंबवण घरातल्या कुणी आजवर मरू दिलं नव्हतं. रंगारी एरवी पिणाऱ्यातला नव्हता, पण सुताराने पिंप उघडलं की पहिली वाटी त्याची. तो वाटी उजेडात धरून रंग बघायचा, मग घोट घ्यायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "अजून एक पावसाळा थांब," नाहीतर म्हणायचा, "झालं, गड्या. हिला आता हात लावू नकोस."

सुतार हे काम ज्या म्हाताऱ्याकडून शिकला होता, त्याने एक गोष्ट बजावून सांगितली होती. "लोक पहिल्या धारेची म्हणून मिशीला पीळ देतात. पण त्या धारेच्याही आधी भट्टी जे थेंब टाकते ना, ते यमाचे. ते कुणाच्याच पोटात जाऊ देऊ नकोस."

सुताराने ते पाळलं होतं. ते सुरुवातीचं पाणी तो एका बरणीत साठवून ठेवायचा. लाकडाला चकाकी आणायची लाख त्यात छान विरघळायची. बरणी उंच फळीवर असायची, आणि तिच्या गळ्याला काळा दोरा बांधलेला असायचा.

एका वर्षी काय झालं, नदीपलीकडच्या सरदाराचा कारभारी घोड्यावरून सुताराच्या दारात आला.

"सरदारांच्या घरी लग्न आहे," तो म्हणाला. "तुमचा रंगारी आमच्याकडे शालू घेऊन येतो. तुमच्या पिंपाची तारीफ करताना थकत नाही. सरदार म्हणाले, ती चीज एकदा चाखायचीच. एक पिंप द्याल का? तुम्हालाही बोलावलंय. पंगतीत सरदारांच्या शेजारी पाट मांडणार आहेत तुमचा."

सुताराच्या बापाला ह्याच गावाने गटारातून उचलून आणलं होतं. आणि आता सरदाराच्या शेजारी पाट! सुताराची छाती भरून आली.

"देतो की," तो म्हणाला. "काठोकाठ भरलेलं देतो."

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी त्याने सगळ्यात जुनं पिंप ओढून काढलं आणि वरचं झाकण उघडलं. वास आला आणि तो जागीच थबकला. इतकी सुरेख दारू त्याच्या हातून कधी उतरली नव्हती. पण आत डोकावला तर दारू चांगली वीतभर खाली गेली होती. लाकूड आपला वाटा पीतच असतं. हे पिंप जरा जास्तच प्यालं होतं.

भर घालायला दुसरं काही नव्हतं. त्या साली जवावर तांबेरा पडला होता, त्यामुळे भट्टी लागलीच नव्हती. 'वीतभर कमी आहे' असं सांगितलं असतं तर सरदार काही रागावला नसता. पण सुतार 'काठोकाठ' म्हणून बसला होता. अर्धवट पिंप घेऊन गेलो तर लोक काय म्हणतील? दारुड्याचा पोर, वाटेत प्याला असेल.

त्याची नजर फळीवरच्या बरणीकडे गेली.

'एवढ्या मोठ्या पिंपात एवढंसं,' त्याने मनाला समजावलं. 'कुणाच्या वाट्याला थेंबसुद्धा येणार नाही.' त्याने बरणीचा दोरा सोडला. दारू गढूळ होऊ नये म्हणून पिंपाच्या कडेने हळूहळू, अलगद ओतत राहिला. बरणी रिकामी झाली. पिंप काठोकाठ भरलं.

एवढ्यात बाहेरून हाक आली. पिंपावर घालायला म्हणून रंगाऱ्याने हळदी रंगाचं कापड मुद्दाम रंगवून आणलं होतं.

"अरे वा, मला न सांगताच उघडलंस?" रंगारी हसत आत आला. कोनाड्यातली वाटी त्याने स्वतःच घेतली.

"आज राहू दे," सुतार घाईने म्हणाला. "सरदारांची आहे. कमी पडायची."

"कमी? अरे, काठोकाठ आहे की! आणि मी न चाखता तुझी दारू कधी उंबऱ्याबाहेर गेलीय का?"

सुताराने तोंड उघडलं. सांगायला फार काही लागलं नसतं. 'थांब, त्यात बरणीतलं आहे.' एवढंच. पण मग रंगारी विचारणार, का? मग सगळंच सांगावं लागणार. त्याने तोंड मिटलं.

रंगाऱ्याने वाटी अगदी वरच्या वर बुडवली, जिथे बरणीतलं अजून न मिसळता तरंगत होतं. उजेडात धरली. प्याला. वाटी पुन्हा नाकाशी नेली, मग म्हणाला, "चांगली आहे." आणि मित्राच्या पाठीवर थाप मारून दुसरी वाटी भरली. "ही सरदाराच्या शेजारच्या पाटासाठी!"

सकाळी रंगाऱ्याची बायको धावत आली. "भावोजी, लवकर चला. ह्यांना कसंतरीच होतंय."

रंगारी अंथरुणावर बसून होता. रात्रभर उलट्या झाल्या होत्या, पण त्याचं तिकडे लक्ष नव्हतं. तो सारखा हात डोळ्यांपुढे धरून बघत होता.

"गड्या, सगळं पांढरं झालंय," तो म्हणाला. "कुणी कोरं कापड धरावं ना डोळ्यांपुढे, तसं. तू कुठे उभा आहेस?"

शेजारच्या वाडीचा वैद्य आधीच आला होता. त्याने नाडी बघितली, डोळे उघडून बघितले आणि तो गंभीर झाला.

"हे आजारपण नाही. पोटात काहीतरी विषारी गेलंय," तो म्हणाला. "विषाला उतारा असतो. पण विष कुठलं ते कळल्याशिवाय उतारा देता येत नाही, भलताच दिला तर जिवावर बेतेल. आज कळलं तर काही करता येईल. नंतर मी काय आणि देव काय. वहिनी, काल ह्यांनी काय खाल्लं, काय प्यालं?"

"घरचीच भाकरी आणि पिठलं. आम्ही सगळ्यांनी तेच खाल्लं," बायको म्हणाली. "दुपारी भावोजींकडे थोडी घेतली. पण ती नेहमीचीच."

वैद्य सुताराकडे वळला. "तुमच्या दारूत काल काही वेगळं होतं का?"

खोलीत सगळे त्याच्याकडे बघत होते. फक्त रंगारीच भलत्या दिशेला बघत होता.

सुताराने नजर वळवली. खोपीत काय केलं ते ह्या खोलीत, ह्या बाईसमोर सांगायचं? काल दुपारी सांगण्याची हिंमत झाली नव्हती, आणि आता तर ती गोष्ट डोंगराएवढी झाली होती. 'आपोआप उतरेल,' त्याला वाटलं. 'दोनच तर वाट्या.'

"नाही," तो म्हणाला. "नेहमीचीच होती."

रंगाऱ्याने लगेच मान हलवली. "त्याच्या दारूने काही व्हायचं नाही, वैद्यबुवा. तिकडे वेळ घालवू नका."

मग वैद्याने निळीच्या रांजणाचा संशय घेतला. त्यातला चुना, त्यातल्या वाफा. त्याने त्यावरचं औषध दिलं. ते चुकीचं औषध रंगारी मुकाट्याने पीत राहिला.

सुतार घरी गेला. कुऱ्हाड घेऊन त्याने पिंप फोडलं. इतक्या वर्षांची ती सोनेरी दारू खोपीच्या मातीत मुरून गेली. सरदाराची माणसं आली तेव्हा तो म्हणाला, "फळी तडकली. सगळी वाहून गेली." लग्नातले पाहुणे वाचले. लोक हळहळले. "बिचारा! मित्र आजारी, त्यात इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात. कसली साडेसाती!"

रंगाऱ्याचा जीव वाचला, पण त्याच्या डोळ्यांपुढचं ते कोरं कापड काही हटलं नाही. हळूहळू तेही काळं पडलं.

वैद्याने निळीच्या रांजणावर बोट ठेवलं होतं, म्हणून तो रांजण उपसायचं ठरलं. तीन पिढ्या जिवंत ठेवलेलं ते आंबवण. रंगाऱ्याच्या बायकोला ते उपसवेना, म्हणून तिने सुतारालाच बोलावलं. सुतार बादल्या भरभरून ओढ्यात ओतत राहिला. ओढा खालच्या वाडीपर्यंत निळा झाला. रंगारी काठावर बसला होता.

"कसा दिसतोय रे ओढा?" त्याने विचारलं.

"निळा," सुतार म्हणाला. आणि त्याने पुढची बादली ओतली.

त्यानंतर सुताराने मित्राची सेवा करण्यात काही कसर ठेवली नाही. घरात आणि ओट्यावर आधार धरून चालता यावं म्हणून भिंतीभर लाकडी कठडा करून दिला. धान्य पोचवायचा, लाकडं फोडून द्यायचा, हाताला धरून नदीवर न्यायचा. रंगाऱ्याच्या बायकोने देवीला नवस बोलला. ती एकवेळ जेवू लागली. निळीच्या त्या रांजणाजवळ आपणच नवऱ्याला रोज पाठवलं, ह्याचा तिला घोर लागला होता. ती वाळत चालली होती.

"मित्र असावा तर असा," गाव सुताराबद्दल म्हणायचं. आया आपल्या पोरांना त्याचं उदाहरण द्यायच्या. हे कानावर आलं की सुतार मान खाली घालून निघून जायचा. लोकांना वाटायचं, किती हा विनय! त्याने भट्टी बंद केली. रांजण पालथा घातला. त्याला झोप लागेना. सांगायचं तर आता सांगून उपयोग काय, असं तो रोज म्हणायचा. आणि उपयोग होता तेव्हा आपण गप्प बसलो, हेही त्याला रोजच आठवायचं.

असाच पुढचा हिवाळा आला. एका संध्याकाळी दोघे रंगाऱ्याच्या ओट्यावर बसले होते. रंगारी म्हणाला,

"गड्या, पुन्हा भट्टी लाव. माझ्यामुळे बंद ठेवू नकोस. रंग दिसला नाही तरी वास येईल मला. नाक अजून शाबूत आहे." त्याने नाक चोळलं. "म्हणजे, आहे असं वाटतं. तुला एक सांगू? त्या शेवटच्या पिंपाला मला वास वेगळा आला होता. तुझ्या लाखेसारखा. तोंडात घेतली तर चवही निराळी. तुला बोललो नाही. म्हटलं, माझंच नाक बिघडलं. आता कळतं, ती आजाराची सुरुवात होती. आधी नाक फिरलं, मग डोळे."

सुताराचा आवाज आला, पण तो त्याचा वाटत नव्हता.

"नाक फिरलं नव्हतं तुझं."

"म्हणजे?"

सुताराने सांगितलं. कारभारी, पाट, वीतभर कमी पडलेली दारू, बरणी. काहीच ठेवलं नाही. बोलता बोलता तो रडू लागला. रंगारी हलला नाही.

मग रंगाऱ्याने विचारलं, "वैद्यबुवांनी विचारलं, तेव्हा तू तिथेच होतास ना?"

"होतो."

"उतारा आहे म्हणाले होते."

"हो."

"आणि मी त्यांना सांगितलं, तिकडे वेळ घालवू नका."

सुताराने त्याचे पाय धरले. "मला मार. गावात धिंड काढ माझी. पण असा गप्प बसू नकोस."

रंगाऱ्याने पाय हळूच मागे घेतले.

"बरणी ओतलीस, ती चूक होती," तो म्हणाला. "माणसाच्या हातून होते. ती मी तेव्हाच पोटात घातली असती. पण माझी बायको वर्षभर उपाशी राहतेय. आजोबाचा रांजण तू स्वतःच्या हाताने उपसलास. मी विचारलं, ओढा कसा दिसतोय, तर म्हणालास, निळा." मग तो कठडा चाचपत उठला आणि दारापाशी जाऊन उभा राहिला.

"अंधार पडला असेल," तो म्हणाला. "तुम्ही या आता."

उभ्या जन्मात त्याने मित्राला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं.

सकाळी सुतार देवळाच्या पायऱ्यांवर उभा राहिला आणि त्याने सगळ्या गावाला सगळं सांगितलं. कुणी दगड मारला नाही, कुणी शिवी दिली नाही. लोक एकेक करून उठून गेले. वैद्यही आला होता. तो जाता जाता थांबला आणि म्हणाला, "उतारा माझ्या पिशवीतच होता हो."

गावात दुसरा सुतार नव्हता, त्यामुळे नांगर आणि तिफणी घ्यायला लोक येतच राहिले. मात्र त्याच्या घरचं पाणी मग कुणी प्यालं नाही. देऊ केलेला तांब्या लोक हातात घेत आणि तसाच खाली ठेवत.

रंगाऱ्याच्या बायकोने उपास सोडला. रंगारी पुढे बरीच वर्षं जगला. सुताराबद्दल तो कधी वाईट बोलला नाही. वाटेत चाहूल लागली तर थांबायचा, नीट विचारपूस करायचा. "बरं आहे ना तुमचं?" म्हणायचा. सुतार "हो" म्हणायचा आणि वाट सोडून बाजूला उभा राहायचा.

तात्पर्य: चूक झाली त्या घटकेला सांगावी, तोवरच तिला उतारा असतो. उशिरा सांगितलेलं खरं सांगणाऱ्याचं ओझं उतरवतं, पण ज्याचं गेलं त्याला काही परत देत नाही.